घरातल्यांनाही सांगायचं नाही

डिर्क पकडला गेला नसता, तर त्या पाकिटात काय आहे हे मिखिएलला कधी कळलंच नसतं. नेदरलँड्समधलं एक लहान गाव, १९४४चा हिवाळा, देश चार वर्षांपासून जर्मनांच्या ताब्यात. शेजारचा डिर्क भूमिगतांचं काम करतो. रेशनच्या कचेरीवर धाड घालायला निघण्यापूर्वी तो पंधरा-सोळा वर्षांच्या मिखिएलकडे एक पाकीट देऊन ठेवतो. आपलं काही बरंवाईट झालं तर ते बेर्तुस नावाच्या साथीदाराकडे पोचवायचं, एरवी उघडायचंही नाही. धाड फसते आणि डिर्क सापडतो. मिखिएल बेर्तुसकडे जायला निघतो, तर जर्मनांनी त्यालाही उचललेलं. शेवटी तो पाकीट फोडतो. जंगलात जमिनीखालच्या एका लपणात जखमी इंग्रज वैमानिक आहे, एवढं त्याला कळतं. त्याला अन्न पोचवायचं काम डिर्ककडे होतं, आणि डिर्क तर तुरुंगात.

तिथून पुढे मिखिएल आईशी खोटं बोलायला शिकतो. वडील गावचे नगराध्यक्ष, सरळ मनाचे, मुलावर जीव असलेले. त्यांनाही तो काही सांगत नाही. वैमानिकाची जखम चिघळते तेव्हा नाइलाजानं मोठ्या बहिणीला, एरिकाला, सांगावं लागतं, कारण तिला शुश्रूषेचं थोडंफार शिक्षण मिळालेलं असतं. बस, घरातलं एक माणूस. बाकी जेवणाच्या टेबलावर रोज सगळे एकत्र बसतात आणि प्रत्येकाच्या पोटात काही ना काही लपलेलं असतं.

यान टेर्लाउ यांची 'ओर्लॉख्सविंटर' म्हणजे 'युद्धाचा हिवाळा' ही डच कादंबरी १९७२ साली आली. पुढच्याच वर्षी तिला बालसाहित्यातला 'गाउडन ग्रिफल' हा मानाचा पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून डच शाळांमध्ये ती वाचली जाते. या प्रकरणात आपण ज्या कादंबऱ्या पाहणार आहोत, त्यांचं नमुनेदार उदाहरण म्हणून मी ती पुढे ठेवतो. व्यापलेला देश, प्रतिकाराच्या कामात ओढलं गेलेलं पोर, आणि आपल्याच घराबद्दल त्याला न कळलेलं काहीतरी. हा साचा आज जगभर इतका चालतो की प्रकाशकांच्या यादीत त्याचं वेगळं कपाट करावं. त्यातली बरीच पुस्तकं वाचून विसरून जावीत अशी असतात. काही मात्र मनातून जात नाहीत. फरक कुठे पडतो, तो माझ्या मते गुपिताच्या जागी पडतो. चांगल्या कादंबरीत गुपित लेखकानं गोष्ट रंगवायला आणलेलं नसतं. त्या काळात घरं खरोखर तशीच चालत होती, म्हणून ते तिथे असतं.

ती कशी चालत होती ते जरा पाहू. डिर्क रेशनच्या कचेरीवर का जातो? लपून राहणाऱ्या माणसाला नाव नसतं, आणि ज्याला नाव नाही त्याला रेशनचं कुपन नाही. १९४२ साली पूर्व नेदरलँड्समधल्या विंटर्सवेक गावात पाच मुलांची आई असलेल्या हेलेना काउपर्स-रीटबर्ख आणि फ्रिट्स स्लोम्प नावाचे एक पाद्री यांनी लपलेल्या लोकांना आसरा शोधून देणारी संघटना उभी केली. दोन वर्षांत ती देशभर पसरली. जर्मन कारखान्यांतली सक्तीची मजुरी चुकवणारी तरुण मुलं, ज्यू कुटुंबं, सुटलेले कैदी अशी लाखो माणसं लपलेली, आणि प्रत्येकाला महिन्याच्या महिन्याला कुपनं हवीत. ती सरळ मार्गानं मिळणं शक्य नव्हतं. म्हणून सशस्त्र टोळ्या रेशनच्या कचेऱ्या लुटत आणि संघटना ती कुपनं घरोघर पोचवत असे. हेलेनाबाईंना सगळे 'रीकमावशी' म्हणून ओळखत. त्या पकडल्या गेल्या आणि १९४४च्या डिसेंबरात राव्हेन्सब्र्युकच्या छळछावणीत मरण पावल्या.

अशा कामाचा पहिला नियम एकच: ज्याला जे कळायची गरज नाही, ते त्याला कळू द्यायचं नाही. हा अविश्वास नव्हता. मारहाणीत माणूस किती वेळ तोंड मिटून राहील हे कुणालाच आधी ठाऊक नसतं, आणि माहीतच नसलेली गोष्ट कुणी वदवून घेऊ शकत नाही. ॲन फ्रँकच्या कुटुंबाला दोन वर्षं जगवणाऱ्या मीप खीस यांचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं वाटेल, कारण ॲनची डायरी आपल्याकडेही घरोघर पोचली आहे. मीप आणि त्यांचे पती यान यांनी त्याच काळात स्वतःच्या घरी एका विद्यार्थ्यालाही लपवलं होतं. ते त्यांनी फ्रँक कुटुंबाला कधी सांगितलं नाही. लपलेल्यांपासूनही लपवलेला माणूस! डायरीत तो कुठे नाही, कारण डायरी लिहिणारीला तो माहीतच नव्हता.

टेर्लाउ यांनी हा काळ स्वतः अनुभवलेला होता. त्यांचा जन्म १९३१चा. जर्मन सैन्य आलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते, गेलं तेव्हा तेरा. वडील पाद्री, आणि जर्मनांनी त्यांना अटकही केली होती. पुढे टेर्लाउ भौतिकशास्त्रज्ञ झाले, अणुसंमीलनावर संशोधन केलं, मग राजकारणात शिरून पक्षाचे नेते आणि १९८१-८२मध्ये देशाचे अर्थव्यवहार मंत्री झाले. कादंबरी आली त्या सुमाराला ते नुकतेच संसदेत गेले होते. 

कादंबरीतला हिवाळा खरा आहे. १९४४च्या सप्टेंबरात लंडनमधल्या परागंदा डच सरकारनं रेल्वे कामगारांना संप करायला सांगितलं, जर्मन फौजांची हालचाल अडावी म्हणून. आर्नेमच्या पुलाची लढाई दोस्त राष्ट्रांनी हरली, मुक्ती लांबली, आणि जर्मनांनी सूड म्हणून पश्चिमेकडच्या शहरांची अन्नवाहतूक रोखली. ती बंदी काही आठवड्यांनी सैल झाली, पण तोवर कालवे गोठले होते. ॲमस्टरडॅममधली माणसं ट्युलिपचे कंद आणि जनावरांसाठीचं साखरबीट शिजवून खाऊ लागली. सुमारे २०,००० माणसं त्या उपासमारीत गेली. टायर नसलेल्या सायकली आणि हातगाड्या ढकलत बायका-पोरं पूर्वेकडे शेतकऱ्यांच्या दारी धान्य मागायला निघत, आणि मिखिएलचं गाव नेमकं त्या वाटेवर आहे. त्याच्या घरी रोज रात्री अनोळखी माणसं निजायला असतात. तपशील लहान दिसतो, पण गोष्टीची सगळी चूल त्यावर पेटते. दार सगळ्यांना उघडं आणि तोंड सगळ्यांना बंद, असं ते घर आहे.

आता पुढचं सांगताना कादंबरीचा शेवट उघड होणार, त्याला इलाज नाही. ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

जंगलात एका जर्मन सैनिकाचं प्रेत सापडतं. जर्मन लोक गावातली माणसं ओलीस धरतात आणि त्यातल्या काहींना गोळ्या घालतात. मिखिएलचे वडील त्यांत असतात. काही दिवसांनी त्याचा धाकटा भाऊ यॉखम घराच्या छपरावर चढून अडकतो, आणि जिवावर उदार होऊन त्याला खाली आणतो तो एक जर्मन सैनिक. मिखिएलला त्याचे आभार मानवत नाहीत आणि न मानणंही जमत नाही. टेर्लाउ हा गुंता सोडवत बसत नाहीत, तसाच ठेवून पुढे जातात. मला हा प्रसंग वडिलांच्या मृत्यूहूनही धीट वाटतो.

दरम्यान कुणीतरी फितूर आहे हे स्पष्ट झालेलं असतं. गावाचा संशय शाफ्टर नावाच्या माणसावर. तो जर्मनांशी गोड बोलतो, त्यांच्यात वावरतो. मिखिएललाही तोच गुन्हेगार वाटतो. खरा फितूर निघतो तो बेनकाका, घरी येऊन-जाऊन राहणारा, भूमिगतांच्या कामाच्या गोष्टी सांगणारा, मिखिएलचा लाडका. आणि शाफ्टर? त्यानं घरात ज्यू लपवलेले असतात. जर्मनांशी केलेली सलगी हा त्याचा आडपडदा होता, आणि तो टिकवायला त्यानं गावाची थुंकी मुकाट झेलली. बेनकाकाचा गौप्यस्फोट धक्का देतो, पण विचार करायला लावतो तो शाफ्टर. एकाच्या गुपितानं माणसं मेली, दुसऱ्याच्या गुपितानं जगली, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही उलटी दिसली. मार्टिन कोलहोव्हन यांनी २००८ साली यावर काढलेला चित्रपट देखणा आहे, पण शेवटाला तो मिखिएलच्या हातात पिस्तूल देऊन मोकळा होतो. पुस्तक एवढ्या सहजी सुटत नाही.

डेन्मार्ककडे वळलं की हवा जरा बदलते. अमेरिकी लेखिका लोइस लाउरी यांची 'नंबर द स्टार्स' १९८९ची, १९९०च्या न्यूबेरी पदकाची मानकरी. वाचक दहा-अकरा वर्षांचा धरलेला, त्यामुळे गोष्ट आखूड आणि भाषा स्वच्छ. दहा वर्षांची ॲनमरी योहानसन कोपनहेगनमध्ये राहते. तिची मोठी बहीण लीसा लग्नाच्या तोंडावर अपघातात गेली, असं तिला सांगितलेलं आहे. जिवाभावाची मैत्रीण एलन ज्यू. १९४३च्या सप्टेंबराअखेर बातमी येते की ज्यूंची धरपकड होणार, आणि एलन ॲनमरीच्या घरी बहीण म्हणून येऊन राहते. पहाटे जर्मन अधिकारी दार ठोठावतात. त्यांना शंका येते ती एलनच्या काळ्या केसांची, कारण बाकीच्या दोघी मुली सोनेरी केसांच्या. तेव्हा बाप अल्बममधून मेलेल्या लेकीचा तान्हेपणीचा फोटो फाडून पुढे धरतो. लीसाचं जावळ काळं होतं. मेलेली मुलगी अशी एका जिवंत मुलीला वाचवते.

इतिहास इथेही भक्कम आहे. धरपकडीची तारीख फोडली ती कोपनहेगनमधल्या जर्मन वकिलातीतल्याच गेओर्ग डुकव्हिट्झ या अधिकाऱ्यानं. २९ सप्टेंबरला सिनेगॉगमध्ये रब्बाय मार्कुस मेल्खिओर यांनी प्रार्थना थांबवून लोकांना लपायला सांगितलं. पुढच्या काही आठवड्यांत ७,०००हून जास्त ज्यू मासेमारीच्या बोटींतून स्वीडनला पोचले. सापडले ते सुमारे ४७०. कादंबरीतल्या हेन्रिकमामाची बोट गिलेलाइए या गावच्या बंदरात आहे, आणि हे बंदर खऱ्या सुटकेतही होतं. कुत्र्यांना माणसाचा वास लागू नये म्हणून सशाचं वाळलेलं रक्त आणि कोकेन लावलेला रुमाल नावाड्यांकडे असे, हा कादंबरीतला सगळ्यांत अविश्वसनीय वाटणारा तपशील लाउरींनी इतिहासातून घेतला आहे. कुत्रा रक्ताच्या ओढीनं हुंगतो, आणि कोकेननं त्याचं नाक काही काळ बधिर होतं.

मला या पुस्तकातला सर्वांत मोलाचा प्रसंग वाटतो तो मयताचा. हेन्रिकमामाच्या घरी शवपेटी आणून ठेवतात आणि मुलींना सांगतात, बिर्टे आजी वारली. ॲनमरी विचार करते आणि तिला कळतं की या नावाची आजी आपल्याला कधी नव्हतीच. ती मामाला जाब विचारते. तो कबूल करतो, पण खरं काय ते पुरतं सांगत नाही. सगळं ठाऊक नसलं की धीर धरणं सोपं जातं, असं त्याचं म्हणणं. रात्री जर्मन येतात, पेटी उघडा म्हणतात, आई टायफसची साथ सांगून त्यांना परतवते. ॲनमरी गप्प उभी असते, आणि तिला उमगतं की आपण आता मोठ्यांच्या खोट्यात सामील झालो आहोत. पेटीत असतात बोटीतल्या लोकांसाठी गरम कपडे. लीसाचं खरं काय झालं तेही तिला कळतं, पण युद्ध संपल्यावर. ती भूमिगतांच्या बैठकीतून पळताना जर्मनांनी तिच्या अंगावर गाडी घातली होती. आईबापांनी इतकी वर्षं अपघात म्हटलं, ते धाकट्यांचा जीव सांभाळायला.

तक्रारही करायला हवी. लाउरींचा डेन्मार्क फार निर्मळ आहे. खरे नावाडी भाडं घेत होते, आणि पहिल्या दिवसांत भरमसाट घेत होते. बोट गेली तर पोटाचं साधन जाणार होतं, हे त्यामागचं कारण, आणि ते गैर नाही. गिलेलाइएच्याच चर्चच्या माळ्यावर लपलेले सुमारे ८० ज्यू एका रात्रीत गेस्टापोच्या हाती लागले. हेन्रिकमामाच्या गावात यातलं काही घडत नाही. दहा वर्षांच्या वाचकासाठी हे गाळलं असेल, मला ते पटत नाही. पैशाचं सांगितलं असतं तरी मामा छोटा झाला नसता.

लाउरींच्या गोष्टीत मोठी माणसं मुलांपासून लपवतात. डेन्मार्कमधली काही खरी पोरं याच्या उलट वागली. ऑलबोर्ग शहरात कॅथीड्रल शाळेतल्या मुलांनी १९४१च्या अखेरीस 'चर्चिल क्लब' काढला. म्होरक्या क्नुड पेडरसन आणि त्याचा भाऊ पाद्र्याची मुलं, राहायला एका जुन्या मठात. देशाच्या सरकारनं जर्मनांपुढे मान तुकवली याची त्यांना लाज वाटे. जर्मनांच्या गाड्या जाळायच्या, बंदुका पळवायच्या, त्या मठात दडवायच्या. आईबाप समजत होते पोरं पत्ते कुटतात. १९४२च्या मे महिन्यात ती पकडली गेली आणि त्यांना शिक्षा झाल्या. फिलिप हूज यांनी म्हाताऱ्या पेडरसनशी बोलून २०१५ साली त्यांची हकीकत मुलांसाठी लिहिली. इथे आईबापांना अंधारात ठेवणारी मुलं आहेत आणि त्यांच्यामागे कोणतीही संघटना नाही, म्हणून ती चार-पाच महिन्यांतच सापडली. गुपित राखण्याचंही शिक्षण लागतं.

आता वॉर्सा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या सगळ्या कपाटातलं माझ्या मते श्रेष्ठ पुस्तक इथलं आहे: उरी ओर्लेव्ह यांची हिब्रू कादंबरी, 'पलीकडच्या बाजूचा माणूस' अशा अर्थाच्या नावाची, १९८८ची. ओर्लेव्ह वॉर्सात १९३१ साली जन्मले. बाप डॉक्टर, पोलिश सैन्यातून रशियाच्या कैदेत गेलेला. आईला जर्मनांनी घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, मारलं. मावशीनं दोघा भावांना सांभाळलं. १९४३मध्ये त्यांची रवानगी बेर्गेन-बेल्झन छावणीत झाली आणि युद्धानंतर मुलं पॅलेस्टाइनला पोचली. पुढे ओर्लेव्ह यांना बालसाहित्यातला सर्वोच्च मानला जाणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार १९९६ साली मिळाला.

या कादंबरीचा नायक मात्र ज्यू नाही, निदान त्याला तसं वाटत असतं. चौदा वर्षांचा मारेक हा घेट्टोच्या भिंतीच्या अलीकडचा पोलिश कॅथलिक मुलगा. सावत्र बाप आंतोनी शहराच्या गटारांचं काम करतो, आणि त्याच भुयारी गटारांतून घेट्टोत चोरटं अन्न नेऊन विकतो. ज्यूंचं त्याला प्रेम आहे असं नाही. त्यांच्याकडून तो पैसे घेतो, पण कुणाला पकडून देत नाही, आणि परतताना कधी तान्ही मुलं भिंतीबाहेर काढून आणतो. मारेक त्याच्याबरोबर जाऊ लागतो. घाणीचा वास, गुडघाभर पाणी, अंधारात वळणं मोजत चालणं, हे ओर्लेव्ह अशा बारकाईनं लिहितात की वाचताना नाक मिटावंसं वाटतं.

मग मारेक एक भयंकर गोष्ट करतो. दोन गुंड मित्रांबरोबर तो घेट्टोतून पळालेल्या एका ज्यू माणसाला अडवून लुटतो. पकडून देऊ अशी धमकी दिली की असा माणूस असेल नसेल ते काढून देई, आणि वॉर्सात हा धंदाच झाला होता. आईला ते पैसे सापडतात. ती रागावत नाही, मुलाला समोर बसवते आणि सांगते की तुझा खरा बाप ज्यू होता. कम्युनिस्ट होता, तुरुंगात मेला. तो काळ आठवला तर या वाक्याचं वजन कळेल. १९४१च्या शरदापासून व्याप्त पोलंडमध्ये ज्यूला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता. १९४२च्या उन्हाळ्यात वॉर्साच्या घेट्टोतून अडीच लाखांहून जास्त माणसं ट्रेब्लिंकाला नेऊन मारली गेली होती. अशा वेळी चौदा वर्षांच्या पोराला हे सांगणं म्हणजे त्याचा गळा उघडा टाकणं, आणि न सांगणं म्हणजे तो आणखी कुणाला लुटणार. आई सांगायचं ठरवते. आजवर पाहिलेल्या घरांमध्ये गप्प राहण्यानं माणूस वाचत होता. इथे बोलण्यानं वाचतो.

पुढे मारेकला चर्चमध्ये एक माणूस दिसतो, जो क्रुसाची खूण चुकीच्या हातवाऱ्यानं करतो. मारेक ओळखतो, हा आपल्यातला नाही. आणि लगेच त्याच्या मनात येतं, की हा आपल्यातलाच आहे. लुटीतल्या आपल्या वाट्यातून तो या माणसाला, युझेकला, आसरा मिळवून देतो. युझेकला मात्र लपून जगायचं नसतं. घेट्टोत बंडाची तयारी चालल्याचं कळल्यावर त्याला परत आत जायचं असतं, लढायला. मारेक त्याला गटारातून आत नेतो, आणि १९ एप्रिल १९४३ला बंड पेटतं तेव्हा स्वतःच आत अडकतो. मूठभर पिस्तुलं आणि पेट्रोलच्या बाटल्या घेतलेली पोरंटोरं जर्मन सैन्याविरुद्ध जवळजवळ महिनाभर टिकली, हा इतिहास मारेक दारातून दारात पळत पाहतो.

कादंबरीच्या प्रस्तावनेत ओर्लेव्ह सांगतात, की ही हकीकत त्यांना एका पोलिश पत्रकारानं ऐकवली होती, आणि मी जिवंत असेतो लिहायची नाही असं वचन घेतलं होतं. तो पुढे विमान अपघातात गेला. मग ओर्लेव्ह यांनी लिहिलं. म्हणजे युद्ध संपून दशकं उलटली तरी त्या माणसाला आपल्या बापाचं नाव पोलंडमध्ये उघड झालेलं नको होतं.

या प्रस्तावनेनं दुसऱ्या एका कपाटाचं दार उघडतं. युद्धात लपवलेलं बरंचसं युद्धानंतर सांगता आलं, पण लाजेपायी लपवलेलं तसंच राहिलं. ऑड्री हेपबर्न या अभिनेत्रीची गोष्ट याच डच भूकबळीच्या हिवाळ्यातली. मुक्तीच्या वेळी ती सोळाव्या वर्षात होती आणि उपासमारीनं खंगलेली होती. भूमिगतांना पैसा मिळावा म्हणून बंद पडद्यांआड होणाऱ्या कार्यक्रमांत ती नाचली होती. तिच्या मावशीच्या नवऱ्याला १९४२ साली जर्मनांनी ओलीस म्हणून गोळ्या घातल्या होत्या. हे तिनं सांगितलं. पण १९३५मध्ये तिची आई हिटलरची भक्त होती, त्याला भेटून आली होती, इंग्लिश फॅसिस्टांच्या पत्रात तिनं त्याचं कौतुक लिहिलं होतं, हे लेकीनं आयुष्यभर झाकून ठेवलं. कुणाही कादंबरीकाराला हवीहवीशी वाटावी अशी ही घरातली फट आहे.

आणि ती एका घरातली नाही. युद्धानंतर डच सरकारनं जर्मनांशी संगनमत केल्याच्या संशयावरून जे कागद जमवले, ते हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात साठले आहेत. सुमारे ४ किलोमीटर लांबीची फडताळं, ४ लाखांहून जास्त नावं. त्यातल्या बहुतेकांवर खटला उभा राहिलाच नाही, त्यामुळे नाव असणं म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे. कायद्यानं घातलेली मुदत संपून २०२५च्या जानेवारीत नावांची यादी इंटरनेटवर खुली झाली. मूळ कागद तेव्हा तसे खुले झाले नाहीत, ते हेगला जाऊनच पाहावे लागत होते. नातवंडांनी आजोबांचं नाव टाकून पाहिलं आणि कित्येक घरांत जेवणाच्या टेबलावर नवी शांतता आली असणार. टेर्लाउ यांनी बेनकाकाची गोष्ट लिहिली त्याला तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं झाली होती.

मराठी वाचकाला भूमिगत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नेदरलँड्समध्ये रीकमावशी आसरे शोधत होती त्याच १९४२ साली मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे साथी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवत होते. ऑगस्टपासून नोव्हेंबरात पोलीस येईपर्यंत तो चालला. उषाबाईंचे वडील ब्रिटिश अमलात न्यायाधीश होते. साताऱ्यात प्रतिसरकारची माणसं १९४६पर्यंत गावोगाव मुक्काम हलवत राहिली, आणि रात्रीची भाकरी कुणासाठी थापली हे त्या त्या घरातल्या बाईनं शेजारणीला सांगितलं नाही. शत्रू वेगळा आणि शिक्षा वेगळी, हे विसरून चालणार नाही. वॉर्सात आसरा दिला म्हणून मुलाबाळांसकट घर मारलं जाई. पण घर चालवण्याची रीत तीच होती.

अलीकडच्या इंग्रजी कादंबऱ्यांबद्दल थोडक्यात. पुष्कळांचा साचा असा: आजची मुलगी, वारलेली आजी, माळ्यावर पेटी, पेटीत पत्रं, आणि एक प्रकरण आजचं तर एक १९४३चं. यात प्रतिकार सजावटीपुरता उरतो, कारण पेटी उघडायला कुणाचाच जीव धोक्यात घालावा लागत नाही. याला सणसणीत अपवाद म्हणजे एलिझाबेथ वाइन यांची 'कोड नेम व्हेरिटी' (२०१२). फ्रान्समध्ये गेस्टापोच्या हाती लागलेली तरुण ब्रिटिश हेर कबुलीजबाब लिहिते आणि वाचक तो खरा धरून चालतो. पुढे काय होतं ते सांगणार नाही. ब्रिटिश गुप्त संघटनेनं अशा स्त्रिया खरोखर फ्रान्समध्ये उतरवल्या होत्या. त्यांतली एक बडोद्याच्या गायक घराण्यातल्या इनायत खान यांची लेक नूर. १९३९ साली तिनं जातककथांचं मुलांसाठी पुस्तक केलं होतं, आणि १९४३मध्ये ती पॅरिसमध्ये वायरलेस यंत्र घेऊन फिरत होती. १९४४च्या सप्टेंबरात डाखाउच्या छावणीत तिला मारलं. तिनं चौकशीत सहकाऱ्यांची नावं दिली नाहीत.

घरातल्या मुलाला यातलं काय द्यावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. दहाव्या-अकराव्या वर्षी लाउरी, आणि वाचून झाल्यावर नावाड्यांच्या भाड्याची गोष्ट तोंडी सांगावी. बाराव्या-तेराव्या वर्षी टेर्लाउ, चित्रपट नंतर. पेडरसन आणि त्याच्या टोळीची हकीकत अभ्यासाला कंटाळलेल्या मुलाला केव्हाही चालेल. ओर्लेव्ह चौदाच्या आत नको. मारेक त्या माणसाला लुटतो ते पान मुलानं एकट्यानं वाचू नये, आधी आपण वाचलेलं असावं.